ट्रकमधली गरम हवा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगू? बहुतेक वेळा हसतेच. पिंपळाखाली बाई दिसली, लिफ्ट मागितली, मागे वळून बघतो तर सीट रिकामी... असलं काही वाचलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते. मी शारजातल्या एका इंडियन स्कूलमध्ये सायन्स शिकवायचे. माहेरी आमच्याकडे दृष्ट काढणं, अंगात येणं यातलं काही नव्हतं. सासूबाई सईच्या गालाला तीट लावायच्या आणि मी ‘काजळात शिसं असतं’ म्हणत ती पुसून टाकायचे. त्यावरून घरात जे व्हायचं ते व्हायचंच. तर सांगायचा मुद्दा, मी ही अशी बाई. आणि तरीही आज इथे लिहायला बसलेय, कारण एका गोष्टीपुढे माझं सगळं शिकवणं आडवं पडलंय.

२००३ किंवा २००४ चा जानेवारी असेल. आम्ही शारजात राहायचो – मी, माझा नवरा मिलिंद आणि सात वर्षांची सई. मिलिंद ज्या कंपनीत सिव्हिल इंजिनिअर होता, ती मोबाइलचे टॉवर उभारायची कामं घ्यायची. त्या हिवाळ्यात त्यांची साइट रास अल खैमाच्या डोंगरांवर होती, पार माथ्यावर. वर जायचा रस्ता म्हणजे डोझरने ओरबाडून काढलेली वाट. वर तीन-चार पोर्टा केबिन म्हणजे पत्र्याच्या तयार खोल्या, एक स्वयंपाकाची शेड, पाण्याची टाकी, झालं. मोबाइलला रेंज नाही. नसणारच, टॉवर उभारायलाच तर ही मंडळी तिथे गेली होती.

तुम्ही म्हणाल, दुबई-शारजात कसली आलीय थंडी! खाली नसतेच. पण त्या डोंगरमाथ्यावर जानेवारीत पाणी गोठतं. मिलिंद घरी येऊन सांगायचा, ‘आज बादलीवर बर्फाची पापडी होती.’ आणि गल्फमधल्या माणसाला बर्फ म्हटलं की काय होतं, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. वर्षाचे आठ-नऊ महिने आम्ही एसीच्या खोक्यातून एसीच्या खोक्यात उड्या मारत जगतो. हिवाळा आला रे आला की अख्खा गाव कोळसा आणि सळया घेऊन वाळवंटात पळतो. पंधरा डिग्रीला आम्ही कानटोप्या घालतो आणि एकमेकांना ‘काय मस्त थंडी पडलीये!’ म्हणून सांगतो. तेव्हा मिलिंदने ‘सईला बर्फ दाखवू या’ म्हटल्यावर मीसुद्धा उड्याच मारल्या.

सईला दमा होता. पण त्या वर्षी तो इतका शांत होता की इनहेलर नुसता माझ्या पर्समध्ये फिरायचा.

तेव्हा वीकेंड गुरुवार-शुक्रवारचा असायचा. गुरुवारी सकाळी साइटवर रेशन आणि पाणी नेणारा ट्रक जायचा, त्यातून आम्ही वर गेलो. आमची छोटी कार त्या वाटेवर चढलीच नसती, ती पायथ्याच्या कँपवर ठेवली. ट्रक म्हणजे तीन टनी, पांढरा, डिझेलचा, कंपनीने सेकंडहँड घेतलेला. ड्रायव्हर युसुफभाई, दापोलीकडचे, पन्नाशीचे. पोटापुढे स्टिअरिंग कसंबसं मावायचं. मराठी माणूस भेटला की त्यांची गाडी तिसऱ्या गिअरमधून थेट पाचव्यात जायची, बोलण्याची म्हणतेय मी.

“वहिनी, पोरीला शाली आणल्यात ना?” त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने दोन शाली दाखवल्या. एसीत पांघरायच्या.

“या?” युसुफभाई म्हणाले आणि पुढे काही बोललेच नाहीत. सभ्य माणूस.

गुरुवारची दुपार फार सुंदर गेली. सईच्या तोंडातून वाफ निघाली तेव्हा ती किंचाळलीच, “मम्मा, लुक! आय ॲम स्मोकिंग!” आणि मग दिवसभर बोटांत काडी धरून ‘स्मोकिंग’ चाललं होतं. संध्याकाळी फोरमन बाकीच्या लोकांना पिकअपमध्ये घालून खाली गेला. शुक्रवारची सुट्टी, नमाज, बाजार. तो दुपारी परत येणार होता. वर राहिलो आम्ही तिघं, युसुफभाई आणि एक मल्याळी कुक.

शुक्रवारी उजाडता उजाडता मला जाग आली ती शिट्टीच्या आवाजाने. दम्याचं मूल घरात असलेल्यांना सांगायला नको ती शिट्टी कसली असते. सई उठून बसली होती, खांदे वर ओढलेले, गळ्याची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. इनहेलर दिला. थोड्या वेळाने पुन्हा दिला. फरक नाही. केबिनमधला छोटा इलेक्ट्रिक हीटर जनरेटर बंद असल्याने गार पडलेला. सईचे ओठ निळसर पडले होते.

“मिलिंद, खाली जायचं. आत्ता.”

युसुफभाई आमच्या आधीच ट्रकपाशी पळाले होते. बाहेर आले तर थंडी अशी की नाकातून आत जाणारी हवा टोचत होती. ट्रकची काच पांढरी झालेली. त्यांनी किल्ली फिरवली. घुर्र... घुर्र... घुर्र... आणि गप्प. पुन्हा तेच. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही पकडत नाही.

“बॅटरी गार पडली,” मिलिंद म्हणाला.

“बॅटरी नाय हो साहेब, सेल्फ चांगला फिरतोय. आतमंदी हवा धरली असंल.”

दोघंही बॉनेटमध्ये डोकं घालून वाद घालत होते. मी सईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून कडेवर घेतलेलं, आणि प्रत्येक श्वासाला तिची बरगडी माझ्या हाताला लागत होती. मला दोघांचाही इतका राग आला की मीही वाकून बघितलं. डिझेलच्या फिल्टरला खाली काचेची वाटी होती. त्यात डिझेल दिसत होतं – पण डिझेलसारखं नाही. पांढुरकं, घट्ट. थंडीत डब्यातलं पातळ तूप थिजावं तसं.

“हे थिजलंय!” मी ओरडले. “डिझेलमधलं मेण थिजलंय. गरम करा त्याला!”

गल्फमधलं डिझेल पंचेचाळीस डिग्रीसाठी असतं हो. त्याला थंडी माहीतच नसते, आमच्यासारखीच. मग कुकने चहाचं मोठं पातेलं उकळलं, युसुफभाईंनी कांद्याच्या पोत्याचे तुकडे फिल्टरला आणि पायपाला गुंडाळले आणि त्यावर आम्ही उकळतं पाणी ओतत राहिलो. मिलिंदचे हात भाजले, ते त्याला दुपारी कळलं. मग युसुफभाई वर चढले, “बिस्मिल्ला” म्हणाले आणि किल्ली फिरवली. ट्रक खोकला, हादरला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला... आणि चालू झाला. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या धुराला मी नमस्कार केला असता.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. मेण थिजलं, गरम पाण्याने वितळलं, इंजिन लागलं. माझ्या नववीच्या मुलांनाही कळेल. आता पुढचं ऐका.

ट्रकच्या केबिनमध्ये सलग एकच सीट होती. डावीकडे युसुफभाई, मधे मी, सई मांडीवर, खिडकीशी मिलिंद. युसुफभाईंच्या बाजूची काच चार बोटं उघडीच अडकलेली असायची, त्यातून वारा सुरीसारखा आत येत होता. माझ्या पायांना संवेदना नव्हती. वाट इतकी उताराची की ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर न देता, नुसता इंजिनाच्या ब्रेकवर खाली घसरत होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण असं उतरताना इंजिन तापत नाही. तापमानाचा काटा अगदी खाली पडून होता. मिलिंद तो सारखा बघत होता, इंजिन पुन्हा बंद पडू नये म्हणून.

सईची मान माझ्या दंडावर कलंडली. ती बोलेना. तिला श्वास आत घ्यायलाही कष्ट पडत होते आणि सोडायलाही. गार हवा दम्याला विष असते, आणि माझ्याकडे तिला द्यायला दुसरी हवाच नव्हती. मी माझा तळवा तिच्या नाकातोंडासमोर धरून त्यात माझा श्वास सोडत होते, निदान तेवढी तरी ऊब मिळावी म्हणून. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही माझ्या मांडीवर जाईल. मिलिंदच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर समोरच्या जाळीतून, जिथून एसीची हवा येते तिथून, गरम हवा आली.

आधी माझ्या मनगटाला लागली. मऊ, कोरडी, चांगली उबदार हवा. मला हायसं वाटलं. ‘चला, इंजिन तापलं, हीटर लागला.’ मी सईला पुढे सरकवलं, तिचं तोंड जाळीसमोर धरलं.

“युसुफभाई, हीटर आणखी थोडा वाढवता येईल?”

युसुफभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. “हां... हां वहिनी, बसा तुमी. पोरीला धरून बसा.”

मिलिंदने हात पुढे करून जाळीवर धरला. त्याची बोटं बर्फासारखी होती, त्यामुळे त्याला तर चटकन जाणवलं. “छान गरम आहे गं,” तो म्हणाला. बस, एवढंच. आम्हाला दोघांनाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. गाडीत हीटर असतोच की!

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही दिसली होती. पुढची काच आतून धुक्याने भरत होती. युसुफभाई एका हाताने फडक्याने सारखे पुसत होते. पण सईच्या समोर, जाळीच्या वर, काचेवर ताटाएवढा गोल अगदी स्वच्छ होता. त्यातून डोंगर दिसत होते. बाकीची काच धूसर, आणि तेवढाच गोल लख्ख. शिवाय त्या हवेला कसलाच वास नव्हता. ट्रकच्या केबिनमध्ये डिझेलचा वास असतो, त्या दिवशी तर भरपूर होता. पण जाळीशी नाक नेलं की वास नाही.

हळूहळू सईची शिट्टी बारीक झाली. खांदे खाली आले. खाली पोचायच्या बऱ्याच आधी तिने डोळे उघडले आणि पुटपुटली, “इट्स वॉर्म, मम्मा. डोन्ट क्लोज इट.”

मी रडले. अगदी हुंदके देऊन. युसुफभाईसुद्धा नाक ओढत होते, आणि मला म्हणत होते, “आता कशाला रडताव? आता काय रडायचा?”

रास अल खैमाच्या हॉस्पिटलमध्ये सईला लगेच ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लावला. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. सईचे हात चाचपून म्हणाल्या, “हँड्स आर वॉर्म. गुड. कोल्ड में रहती तो इतनी देर नहीं टिकती.” आणि मग माझे हात हातात घेतले तर ते निळे पडलेले! त्यांनी नर्सला माझ्यासाठीही ब्लँकेट आणायला लावलं. आई गोठलेली आणि तिच्या मांडीवरची मुलगी गरम, याचं त्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी म्हटलं, जाळी तिच्या समोर होती ना.

दुपारी सई पलंगावर बसून ज्यूस पीत होती, आणि मी बाहेर येऊन युसुफभाईंना म्हटलं, “तुमच्या हीटरने वाचवलं बघा आज.”

युसुफभाईंनी ओठाशी नेलेला चहाचा कप खाली घेतला.

“वहिनी,” ते म्हणाले, “या गाडीला हीटर नाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे नायच. गल्फची गाडी. हित्तं हीटर कोण बसवतो? एसी हाय, तोसुद्धा गेल्या उन्हाळ्यापासनं बंद. तुमी बोललाव तेवा मला वाटला, वहिनी घाबरल्यात, कायतरी बोलतात. मी म्हटला, हां बोलावं.”

“पण तुम्हाला गरम हवा लागली नाही?”

“मला? माझे तर गुडघे गोठले होते.”

मिलिंदचं डोकं तिथेच फिरलं. तो गप्प बसणारा माणूस नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ट्रक शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये नेला आणि मीही सोबत गेले. मिस्त्री पेशावरचा. त्याने डॅशबोर्ड उघडला, टॉर्च मारला आणि मला बोलावलं.

“देखो बहनजी. ये गल्फ का माल है. हीटर का खाना है, हीटर नहीं है.”

मी वाकून बघितलं. प्लास्टिकचा रिकामा खोका. इंजिनाचं गरम पाणी जिथून आत यायला हवं, त्या दोन भोकांना रबरी बुचं, कंपनीतून बसवलेली, वर्षांची धूळ साचलेली. एसीच्या पंख्याची वायर तर कधीची जळून तुटलेली. म्हणजे गरमच काय, गारही हवा फेकायला तिथे काही नव्हतं. आणि त्या खोक्यातून सईच्या समोरच्या जाळीकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर कोळ्याचं जुनं, धुळीने माखलेलं जाळं होतं. अख्खं, न फाटलेलं. मी बोट लावलं तर तुटलं.

“इधर से हवा आयी?” मिस्त्रीने विचारलं.

“आयी,” मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने नुसतं डॅशबोर्ड परत लावायला घेतलं.

मिलिंद म्हणाला, इंजिनाच्या बाजूची गरमी कुठल्यातरी फटीतून आली असेल. ठीक. मग डिझेलचा वास का नाही? आणि इंजिन तर गार होतं. मग तो म्हणाला, आपण दोघं घाबरलेलो होतो, भास झाला असेल. ठीक. मग काचेवरचा गोल? सईचे गरम हात? डॉक्टरांना पण भास झाला? मी नवऱ्याशी वाद घालत होते आणि मनातून मलाच वाटत होतं की हा जिंकावा.

मग त्याने तेच केलं जे मी त्याच्या जागी केलं असतं. त्याच हिवाळ्यात दोनदा, तशाच गारठ्यात, सकाळी तोच ट्रक घेऊन त्याच वाटेने खाली आला. ड्रायव्हर युसुफभाईच, गिअर तेच, काच तेवढीच उघडी. माझ्या जागी तो स्वतः बसला, जाळीवर हात धरून. दोन्ही वेळा काही नाही. गोठलेला हात घेऊन घरी यायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच काही लपवून ठेवलंय.

पुढच्या वर्षी टॉवरचं काम संपत आलं होतं. एका संध्याकाळी चहा पिता पिता मिलिंद हळूच म्हणाला, “सगळं सेम करून बघितलं मी. एकच गोष्ट राहिली.”

“काय?”

“सई.”

मी कप खाली ठेवला.

“ऐकून तर घे. तिला काही त्रास नाहीये आता. चांगलं जॅकेट, नेब्युलायझर, सगळं बरोबर घेऊ. मागे फोरमनची पिकअप ठेवू. नुसतं त्या सीटवर बसवायचं आणि खाली यायचं. एकदा कळेल तरी गं.”

तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच झोप लागत नव्हती त्या गोष्टीपायी. आणि तो म्हणत होता ते शंभर टक्के बरोबर होतं. एक गोष्ट सोडून सगळं तपासलं असेल, तर ती एक तपासायची, हे मी रोज फळ्यावर लिहून शिकवायचे. मी त्याला ‘बरोबर आहे’ म्हणायला तोंडसुद्धा उघडलं.

“नाही,” मी म्हटलं.

“का पण? तू तर...”

“गरम हवा आली तर तू काय करणार आहेस मिलिंद? आणि नाही आली, तर मी काय करू?”

ती गरम हवा कुठून आली, हे कोडं आज इतक्या वर्षांनंतरही मला सुटलेलं नाही. कोणी सायन्सवालं वाचत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. पण सईला घेऊन तो प्रयोग करायचा असेल, तर नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तसेच बसलो होतो, तेवढ्यात दार धाडकन उघडून सई आत आली. पार्किंगमध्ये सायकल हाणून आली होती, लालबुंद, जोरजोरात धापा टाकत.

“मम्मा, वॉटर!”

मी पाणी द्यायच्या आधी तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीला कान लावला. शिट्टी नव्हती. नुसत्या खेळून आलेल्या धापा होत्या. मिलिंदने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेला. त्याने ती गोष्ट पुन्हा काढली नाही.